एकोणनव्वद दिवसांचे साहेब

सौदीतल्या थुवालला रुजू झालो त्याच आठवड्यात मला बारा वर्क परमिटं, म्हणजे काम सुरू करायचे परवाने, देऊन चिल्ड वॉटरच्या सुपरवायझरकडे पिटाळण्यात आलं. समुद्रकाठच्या त्या विद्यापीठाच्या आवारातल्या इमारती गार ठेवायला जे पाणी पाइपांतून फिरतं, त्याच्या देखभालीचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. मी डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागदांचा राखणदार. सुपरवायझरचं नाव कासम वांगडे, माणूस रत्नागिरीकडचा, असं कळल्यावर मला बरं वाटलं. निदान सहीपुरतं तरी हिंदी बोलावं लागणार नव्हतं.

पंपघराच्या सावलीत साठीकडे झुकलेला एक माणूस पाइपाला आटे पाडत बसला होता. अंगात निळा कव्हरऑल, दाढी पांढरी, हात तेलात.

"कासम वांगडे कुठे भेटतील?"

"मीच तो."

"या परमिटांवर सुपरवायझरची सही हवी होती."

"मग मी नाय. आज मी फिटर हाय." त्यांनी मान वळवून पत्र्याच्या शेडकडे खूण केली. "सुपरवायझर तो तिकडं बसलाय. त्याची घे. नायतर उद्या ये. उद्या मी परत सुपरवायझर."

शेडमध्ये सुधीर बसला होता. पस्तिशीचा, मलयाळी, हुद्द्याने टाइमकीपर. पांढरं हेल्मेट त्याच्या डोक्यावर उसनं वाटत होतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं. माझ्या हातातली परमिटं पाहून त्याचा चेहरा पडला. "चाचा से पूछो ना," तो म्हणाला. तिकडून चाचांचा आवाज आला, "मुझसे क्या पूछना? आप साब हैं आज."

यात चेष्टा नव्हती. हे मला पुढे महिनाभराने कळलं.

प्रकार असा होता. कंपनीच्या नियमावलीत एक कलम आहे. कुणी सलग नव्वद दिवस वरच्या पदाचं काम केलं, तर त्याला दोन पगारांमधला फरक ॲक्टिंग अलाउन्स म्हणून द्यायचा, आणि तोही पहिल्या दिवसापासून. कलम चांगलं आहे. कलमं चांगलीच असतात. चिल्ड वॉटरचा मूळ सुपरवायझर सुट्टीवर गेला तो परतलाच नाही. त्याच्या जागी 'तात्पुरते' म्हणून बसवलेले कासमचाचा साडेतीन वर्षं तिथेच होते. फक्त दर एकोणनव्वद दिवसांनी ऑफिसातून फोन यायचा, "कासम, उद्या ब्रेक." उद्या चाचा फिटर, सुधीर सुपरवायझर. परवा पुन्हा चाचा सुपरवायझर, आणि मोजणी एकपासून सुरू. साडेतीन वर्षांत असे चौदा ब्रेक झाले. नियम पाळला जात होता, फक्त त्याचं रक्त काढून घेतलेलं होतं.

मी कोल्हापुरात कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहीत आलो. सफाई कामगारांची, होस्टेलच्या मेसची, बसच्या पासाची. इथे तसलं काही करायची सोय नाही, याची समज रुजू होताना दिली गेली होती. तरी कॉलेजात कशाचाच आला नव्हता इतका राग मला या एका कलमाचा आला, आणि मी पानभर मजकूर लिहून चाचांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"शिव्या चांगल्या हायत," ते म्हणाले. "तारखा कुठायत?"

तेव्हापासून ते मला 'पत्रकवाले' म्हणू लागले. "काय पत्रकवाले, आज कोणाचं राज्य उलथलं?"

ब्रेकच्या दिवशी चाचा कसे वागत हे पाहायला दुसऱ्या विभागांतली माणसं मुद्दाम येत. एरवी पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसणारे चाचा त्या दिवशी मागे, पाइप आणि माणसांच्या मध्ये. सुधीर हात जोडायचा, "चाचा, आगे बैठो, शरम आती है." चाचा मागूनच म्हणायचे, "शरम घर रखके आने का, साब. यल्ला, गाडी छोडो." चहाला जाताना सुधीरची परवानगी. नमाजाला जाताना परवानगी. सुधीर बिचारा "हां हां" म्हणत तोंड लपवायचा.

आणि सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, चार्ज रिपोर्ट. कंपनीला असलं काही ठाऊकही नव्हतं. तिच्या लेखी ब्रेक म्हणजे संगणकातली एक ओळ. पण चाचांकडे लांबट, कापडी पाठीची एक वही होती. तिच्यात ते शुद्ध सरकारी मराठीत लिहीत: 'आज रोजी मध्यान्हपूर्व चिल्ड वॉटर विभागाचा कार्यभार श्री. सुधीर यांजकडे सोपवला. चाव्या एकवीस. वॉकीटॉकी सात, पैकी एक मुका. पंप नंबर तीनचे बेअरिंग कुरकुरते, लक्ष ठेवावे. मांजर एक, पोटुशी.' खाली डावीकडे कार्यभार देणाऱ्याची सही, उजवीकडे घेणाऱ्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी याच्या उलट. सुधीरला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. तो इंग्रजीत सही ठोकून मोकळा व्हायचा. मला वाचता येत होतं. मी हसायचो. मांजराची नोंद तर मी मोबाइलवर फोटो काढून मित्रांना पाठवली होती.

ही खोड त्यांच्या वडिलांची. वडील मामलेदार कचेरीत कारकून. एकदा अव्वल कारकून आजारी पडले आणि अकरा महिने ती खुर्ची वडिलांनी चालवली. वरच्या खुर्चीत बसणाऱ्याला फरक द्यायचा हा नियम इंग्रजाच्या राज्यातला, साहेबलोक एकमेकांच्या जागी जात-येत तेव्हा त्यांचं नुकसान होऊ नये म्हणून केलेला. झिरपत झिरपत तो कारकुनापर्यंत पोचला होता. जिल्ह्याने भत्ता नाकारला. वडिलांनी चार्ज रिपोर्ट पुढे केला: अमुक तारखेस मध्यान्हपूर्व घेतला, अमुक तारखेस मध्यान्होत्तर दिला. जिल्ह्याला तोंड उरलं नाही. त्या पैशांतून घरात शिवणयंत्र आलं आणि त्यावर चाचांच्या आईने गावातल्या निम्म्या लग्नांचे कपडे शिवले.

"कागद होता म्हणून मशीन आलं," चाचा सांगायचे. "नायतर बाबा अकरा महिने नुसतेच बसले असते, हवेत."

कामात ते कसे होते ते सांगायला हवं, नाहीतर वहीवाला एक म्हातारा एवढंच चित्र उरेल. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवून मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, "हा अजून दीड महिना जगल." पंप दीड महिना जगायचा. इंजिनिअर लोक आधी हसत, नंतर विचारून जात. शुक्रवारी सकाळी ते थुवालच्या कोळ्यांकडून मासे आणून कामगारांच्या कॅम्पातल्या अख्ख्या खोलीला नारळाचं कालवण घालत. घासाघीस अरबीत, शिव्या कोकणीत. तिथल्या माशाबद्दल त्यांचं मत ठाम होतं: "दिसायला नवरा, चवीला वऱ्हाडी."

ब्रेकच्या एका दिवशी दुपारी प्रयोगशाळांच्या मागच्या खड्ड्यात जोड फुटला. मी परमिटं घेऊन तिथेच होतो. चाचा खड्ड्यात, पाणी गुडघ्यापर्यंत, हातात व्हॉल्व्हचं चाक. वर काठावर पांढऱ्या हेल्मेटात सुधीर.

"साब, मेन बंद करूं या बायपास खोलूं?"

"चाचा, आपको जो ठीक लगे!"

"मुझे नहीं, आपको क्या ठीक लगता है? मेन बंद किया तो लॅब गरम होगी. बायपास खोला तो इधर पानी थोडा और आएगा, लॅब ठंडी रहेगी."

पाणी मांडीला लागलं. सुधीरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"ब… बायपास?"

"हुकूम?"

"हां, हुकूम! हुकूम, चाचा!"

चाक फिरलं. कमरेपर्यंत भिजून वर आल्यावर चाचांनी सुधीरच्या पाठीवर थाप मारली. "सही बताया, साब." मला ते दृश्य भयंकर वाटलं. उत्तर माहीत असलेला माणूस पाण्यात उभा राहून, माहीत नसलेल्या माणसाला विचारतो! मी तसं म्हणालो.

"चार्ज त्याच्याकडं होता," चाचा कव्हरऑल पिळत म्हणाले. "मी न विचारता फिरवलं असतं तर सुधीर कोण? बुजगावणं? त्याला दोन पोरं हायत, पत्रकवाले."

याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी मनात टिपून ठेवलं ते एवढंच: सुधीरला कामातलं काही कळत नाही, हा पुरावा.

तक्रार करायला चाचा तयार नव्हते. तयार झाले ते एका साध्या आकड्यावर. त्यांच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. त्यांतल्या सुट्ट्यांचे महिने त्यांनी एकदा बोटांवर मोजले, तर बायकोबरोबर घालवलेला काळ तीन वर्षांच्या आत भरला. नोकरी सोडताना जी रक्कम मिळते ती शेवटच्या पगारावर ठरते. सुपरवायझरचा पगार धरला आणि साडेतीन वर्षांचा फरक मिळाला, तर त्यांना लगेच घरी जाता येत होतं. फिटरचा धरला, तर आणखी दोन वर्षं राबावं लागणार होतं.

"हलीमाला विचारलं, दोन वर्षं थांबशील का?" त्यांनी मला सांगितलं. हलीमा त्यांची बायको. "ती म्हणाली, थांबायला काय, सवय हाय. पण मग आलात की ओळख करून द्यावी लागल." ते हसले. मग म्हणाले, "घाल तक्रार. त्या पैशात माजी दोन वर्षं हायत."

मी झपाटल्यासारखा लागलो. साडेतीन वर्षांची परमिटं काढली. ब्रेकच्या दिवशीची उपस्थिती, गाडीच्या नोंदी, सुधीरचा मूळ हुद्दा. माझा मुद्दा एकच होता: ब्रेक हे ढोंग आहे. त्या दिवशी खुर्ची कुणाकडेच जात नाही, फक्त संगणकातलं नाव बदलतं. चाचा मधून मधून म्हणायचे, "कागद माज्याकडं पण हायत." मी म्हणायचो, असू द्या, असू द्या. मला माझ्या कागदांची घमेंड होती.

इथे मजुराची तक्रार कोर्टात जाण्याआधी समेटासाठी जाते, आणि समेटाची बैठक मोबाइलच्या पडद्यावर होते. दुपारची वेळ होती. कॅम्पमधल्या खोलीत पलंगावर उशी ठेवून तिला मोबाइल टेकवला. समोर चाचा, इस्त्रीचा शर्ट घालून. मी पडद्याबाहेर, भिंतीला टेकून, हातात कोरे कागद आणि जाड पेन. पडद्यावर दोन माणसं. एक समेट अधिकारी, तरुण सौदी, नम्र. दुसरा कंपनीचा प्रतिनिधी. बोलणं अरबीत. मला तोडकंमोडकं कळत होतं, चाचांना सगळं.

कंपनीच्या माणसाकडे खरोखर काहीच नव्हतं. संगणकातल्या चौदा ओळी त्याने वाचल्या. अधिकाऱ्याने विचारलं, त्या दिवशी कार्यभार दुसऱ्याकडे दिल्याचा काही कागद? प्रतिनिधी म्हणाला, तसा कागद नसतो. अधिकारी चाचांकडे वळला. "काका, तुमच्याकडे काही आहे?"

मी मुठी आवळल्या. जिंकलो होतो.

"आहे," चाचा म्हणाले, आणि उशीखालून वही काढली.

त्या वहीत काय आहे हे त्या कॅम्पात लिहिणाऱ्यानंतर एकट्या मला माहीत होतं. ती कुणीतरी पुरावा म्हणून वाचेल हे एकट्या माझ्या डोक्यात आलं नाही. मी तिच्यातल्या मांजराचे फोटो काढले होते.

अधिकाऱ्याला मराठी कुठून येणार? तो म्हणाला, वाचून सांगा. चाचा वाचू लागले, एक ओळ मराठी, मग तिची अरबी. अमुक तारीख, सकाळ, कार्यभार दिला, इतक्या चाव्या, घेणाऱ्याची सही. दुसऱ्या दिवशी सकाळ, परत घेतला, सही. पहिली नोंद वाचताना आवाजात ऐट होती. त्यांना वाटत होतं, कुठल्या दिवशी कुठली खुर्ची कुणाची होती हे इतकं चोख लिहिणाऱ्या माणसाच्या साडेतीन वर्षांवर कोण शंका घेईल? तिसऱ्या नोंदीपाशी कंपनीचा माणूस खुर्चीत सरसावून बसला आणि लिहून घेऊ लागला. चाचांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. मी सांगतो, तेव्हाच कळलं, कारण आवाजातली ऐट गेली आणि वेग मंदावला. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बंद करा', आणि मोबाइलच्या वर धरलं. त्यांनी ते वाचलं. पान उलटलं. चौथी नोंद. पाचवी. चौदाव्यापर्यंत वाचलं.

अधिकाऱ्याने चौदा तारखा संगणकातल्या ओळींशी ताडून पाहिल्या. मग त्याने चाचांना अगदी सोपी वाट काढून दिली. "काका, सही झाली हे ठीक. पण त्या दिवशी सुपरवायझरचं काम त्या माणसाने खरंच केलं का?"

मी लिहिलं, 'नाही म्हणा'. दोनदा अधोरेखित केलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चार्ज त्याच्याकडे होता," ते म्हणाले. "मी विचारायचो, तो सांगायचा, मी करायचो. तो सुपरवायझर होता."

खलास. अधिकाऱ्याने समजावलं, कोर्टात जायचा हक्क आहे, पण ही वही तिथेही येईल. चाचांनी त्याचे आभार मानले, त्याच्या घरच्यांची खुशाली विचारली आणि मोबाइल बंद केला.

मी तेव्हा जे बोललो ते इथे सगळं लिहिण्याजोगं नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचा गळा कापलात. कंपनीला चौदा खोट्या ओळी खऱ्या करून दिल्यात, त्याही फुकट. त्यांनी ऐकून घेतलं. वही कपड्यात गुंडाळली.

"मी काय म्हणायला हवं होतं?" त्यांनी विचारलं. "की सुधीर नुसता बसला होता? मग त्यानं चौदा वेळा खोटी सही केली. उद्या कंपनी त्याला विचारील, कामाशिवाय साहेबाच्या सह्या कशा केल्यास? त्याला घरी धाडायला एवढं पुष्कळ हाय. तुज्या त्या पानावर सुधीर कुठं होता, पत्रकवाले?"

माझ्या पानावर सुधीर पुरावा म्हणून होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. आजही मला वाटतं की कंपनीने चोरी केली, नियमाच्या आडून केली, आणि एका सरळ माणसाच्या सरळपणाचा तिला आयता फायदा झाला. ते मी कुठेही म्हणेन. पण त्या दिवशी त्या खोलीत मी हातातले दोन्ही कागद चुरगाळून खिशात घातले.

तक्रार त्यांनी मागे घेतली. महिन्याभरात कंपनीने कायमचा सुपरवायझर नेमला, लखनौकडचा, सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर. चाचा फिटर झाले, यावेळी एका दिवसासाठी नव्हे. कोणी हळहळलं तर म्हणायचे, "मूळ पगार तोच तर हाय." आणि मला, थोड्या दिवसांनी, जरा मिस्किलपणे: "एक सांगू? सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो. फिटरला असतो. हे मी साडेतीन वर्षं विसरूनच गेलो होतो." शुक्रवार धरून त्यांनी ओव्हरटाइम घ्यायला सुरुवात केली. दोन वर्षांतून किती महिने कमी होतील ते त्यांनी हलीमाला सांगितलं होतं. तिने म्हणे उत्तर दिलं होतं की आता मोजणी तुमची तुम्हीच ठेवा.

वर्षअखेरीला माझी बदली खमीस मुशैतच्या साइटवर झाली. निघायच्या दिवशी संध्याकाळी, बस सुटायच्या आधी, मी पंपघराकडे गेलो. चाचा हात पुसत बाहेर येत होते. दिवसाचं काम संपलं होतं, फिटरांची गाडी भरत होती. म्हणाले, "खमीसला थंडी असते, स्वेटर घे." आणि वर, "तिकडं कुणाचं पत्रक काढलंस तर आधी त्याच्याबरोबर चार दिवस जेव."

तेवढ्यात लखनौवाला पळत आला. छतावरच्या पाइपातून गळती सुरू झाली होती आणि कुठला व्हॉल्व्ह कुठला हे त्याला उमगत नव्हतं. "चाचा, ज़रा ऊपर चलिए ना, प्लीज़."

चाचांनी घड्याळात पाहिलं. कामावर असताना या माणसाने कधी घड्याळ पाहिलेलं मला आठवत नाही.

"साब, पांच बज गए. पहले ओव्हरटाइम लिखो, फिर व्हॉल्व्ह बताता हूं."

लखनौवाला गडबडला, खिसे चाचपू लागला. फॉर्म मिळाला, पेन मिळेना. मी माझं पेन पुढे केलं. त्याने फॉर्म गुडघ्यावर ठेवून वेळ लिहायला घेतली आणि विचारायला म्हणून मान वर केली.

चाचा तोवर शिडीच्या निम्म्यावर पोचले होते.